साहेबांची गुरगुर

आगीच्या अलार्मची वायर कापणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. वीस वर्षं मी इमारती-इमारतींत हे अलार्म बसवतोय, दुरुस्त करतोय, आणि दर दहा इमारतींमागे एक तरी असा शहाणा भेटतोच. स्वयंपाकघरातल्या धुराने भोंगा दोनदा वाजला की हा स्टुलावर चढणार आणि वायर कापून मोकळा होणार. का, तर कटकट नको. मी प्रत्येकाला एकच विचारतो, "भोंगा बंद केलात, आग बंद झाली का?" मग माझं तोंड सुटतं ते सुटतंच. बायको म्हणते, भोंगा परवडला.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत वायर कापणारा शहाणा मी आहे.

आमच्या कुत्र्याचं नाव साहेब. पिवळट रंग, एक कान उभा, एक पडलेला, जात कोणती ते त्यालाही ठाऊक नसावं. बायकोने त्याला बुटांच्या खोक्यातून घरी आणलं तेव्हा तो तळहातावर मावत होता आणि ती त्याला ड्रॉपरने दूध पाजायची. मोठा झाल्यावर माझ्या टेबलाच्या खुर्चीत चढून, पुढचे दोन्ही पाय टेबलावर ठेवून बसायला लागला, म्हणून साहेब. लाडात असलो की आम्ही 'साहेब आले, साहेब जेवले' असं म्हणायचो आणि रागात असलो की तो सरळ 'तो' व्हायचा. मागच्या वर्षी तो नऊ वर्षांचा झाला आणि त्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर माझे सासरे आमच्याकडे राहायला आले.

सासरे आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. चाळीस वर्षं लोकांच्या पाठीवर थाप मारून "पुढे सरका, पुढे सरका" म्हणण्यात गेली, त्यामुळे जवळून जाणाऱ्या कुणाच्याही पाठीवर त्यांचा हात आपोआप पडतो. माझ्या पडतो, गॅस सिलिंडरवाल्याच्या पडतो. साहेबांच्याही पडायला लागला, कमरेवर, चांगला दणदणीत. "काय साहेब, पुढे सरका!" आणि साहेब गुरगुरायला लागले.

माझ्या घरात, माझ्या सासऱ्यांवर गुरगुर म्हणजे काय! मी पेपर गुंडाळला आणि त्याच्या नाकावर हाणला. पुन्हा गुरगुरला, पुन्हा हाणला. पंधरा दिवसांत आवाज बंद. मी कामावर छाती फुगवून सांगितलं, "शिस्त लागते हो, लावणारा पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी सासऱ्यांनी रोजच्यासारखी थाप मारली. साहेबाने हूं की चूं केलं नाही. मान वळवली आणि चावला. अंगठा आणि बोटाच्या मधे चार टाके पडले.

बायकोने वडिलांचा हात धरून दवाखाना केला, घरी आणून त्यांना झोपवलं, फरशी पुसली आणि मग माझ्यासमोर येऊन बसली. "महिनाभर बघते," ती म्हणाली. "बाबा या घरातून कुठेही जाणार नाहीत. मग कोण जाईल ते तूच बघ." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. नऊ वर्षांचा, चावलेला कुत्रा कोण घेतं? तो कुठे जाईल आणि तिथे त्याचं काय होईल हे दोघांनाही माहीत होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कमरेचे दोन्ही सांधे झिजलेले. "इथे हात लागला की चांगलीच कळ येत असणार," ते म्हणाले. "आधी काही खूण केली नाही यानं?"

"नाही हो. एकदम चावला," मी म्हटलं.

"गुरगुरायचा," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "यांनी बंद केलं."

डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला.

बाई आल्या त्या खांद्याला मोठी पिशवी आणि पँटच्या दोन्ही गुडघ्यांना ठिगळं लावून. हातात काठी नाही, शिट्टी नाही. आल्या आणि साहेबाकडे अर्धी पाठ करून सरळ फरशीवर बसल्या. अर्धा तास आमच्याशीच बोलत राहिल्या. कधी झोपतो, कुठे झोपतो, जिना चढताना थांबतो का. मला राहवेना. "मॅडम, कुत्रा तिकडे आहे," मी म्हटलं.

"ते मला बघतायत ना, त्यांचं बघून होऊ दे."

साहेब कोपऱ्यातून उठला, लांबून त्यांच्या पिशवीचा वास घेतला, परत गेला, परत आला. बाईंनी हातसुद्धा पुढे केला नाही. मग मला विचारलं, "तुम्ही पेपर उघडला की तो उठून आत का जातो?"

मला वाटायचं, त्याला बातम्यांत रस नसेल. मी खाली मान घालून पेपराची सगळी हकिगत सांगितली. आता ही बाई आपल्याला सोलून काढणार अशी माझी खात्री होती. मीही तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

"म्हणजे तो सांगत होता," त्या एवढंच म्हणाल्या. मग सहज विचारलं, "आपण काम काय करता?"

"मी आगीचे अलार्म..." एवढं म्हणालो आणि मला ते स्टूल आठवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वीस वर्षं दुसऱ्यांना स्टुलावरून खाली उतरवलं, आणि स्वतःच्या घरात वायर मीच कापली होती. आग तशीच होती, त्याच्या कमरेत. बायकोने उठून चहा ठेवला.

जाताना बाईंनी स्पष्ट सांगितलं. "दुखणं गोळ्यांनी कमी होईल. पण न सांगता चावणाऱ्या कुत्र्याशेजारी आजोबांना बसवा, असं मी म्हणणार नाही. त्याचं सांगणं परत आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?"

"कधी येतं, कधी येत नाही. बोललं म्हणून मार खाल्लाय त्याने. परत बोलायचं की नाही, ते तोच ठरवणार. आपण फक्त ऐकणारे आहोत, एवढं त्याला पटवायचं."

तेव्हापासून आमच्या दिवाणखान्याच्या मधोमध बुटकं जाळीचं दार आलं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला सासरे. बाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि मला बघायला शिकवायच्या. बघायला! गुरगुर हे फार उशिराचं बोलणं, त्या म्हणायच्या, त्याआधी तो चार वेळा बोललेला असतो. नाकावरून जीभ फिरवतो. तोंड वळवतो. डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. सगळं अंग थिजतं. आणि कधीकधी वर जांभईही. मी गळ्यात पट्टा घालायला गेलो की साहेब जांभई द्यायचा आणि मी नऊ वर्षं म्हणत आलो होतो, "आळशी लेकाचा." तो झोपाळलेला नव्हता. माझं असं अंगावर ओणवं होणं त्याला नको होतं. एकदा हे दिसायला लागल्यावर मी थक्क झालो, दुसरा शब्द नाही. त्या घरात दिवसभर कुणीतरी बोलत होतं आणि एवढा तिखट कान असलेला मी, भोंग्याच्या आवाजावरून बॅटरी उतरलीय की नाही ते ओळखणारा मी, ठार बहिरा होतो.

मग तळहाताचा खेळ. मी खाली बसून हात उघडा धरायचा. साहेबाने त्यावर हनुवटी ठेवली की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. हनुवटी हातावर आहे तोवर मी दुसऱ्या हाताने त्याला स्पर्श करायचा. त्याने हनुवटी उचलली की त्या क्षणी थांबायचं. हाक नाही, आर्जव नाही, "अरे थांब ना जरा" नाही.

पहिल्यांदा मी खांद्याला हात लावला. त्याने हनुवटी उचलली. मी हात काढला. तो माझ्याकडे बघत राहिला. परत हनुवटी ठेवली, मी परत हात लावला, त्याने परत उचलली, मी परत थांबलो. असं सात वेळा. सातव्यांदा माझ्या लक्षात आलं की शिकवणी माझी चाललीय आणि परीक्षा साहेब घेतायत. हा माणूस खरंच थांबतो का, दर वेळी थांबतो का, एवढंच त्यांना तपासायचं होतं. आठव्यांदा त्याने हनुवटी ठेवली, मोठा श्वास सोडला आणि माझा हात खांद्यावरून पार पाठीपर्यंत जाऊ दिला. नको म्हणायची मोकळीक मिळाली म्हणून त्याने हो म्हटलं होतं.

सासऱ्यांना यातलं काही पटत नव्हतं. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," ते खुर्चीतून म्हणायचे. पण एक दिवस बाईंना त्यांनी हळूच विचारलं, "मी तर त्याचे लाडच करत होतो. मलाच का?"

"लाड हवेत का, हे त्याला विचारलं होतं?"

"आता कुत्र्याला विचारू?"

"विचारायचं. हनुवटीखाली तीन सेकंद खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा. अजून हवं असेल तर तो येतो."

"चाळीस वर्षांत मी एका पॅसेंजरला विचारलं नाही," सासरे पुटपुटले. पण जाळीवरून तुकडे टाकायला त्यांनी सुरुवात केली. टाके पडलेल्या हातानेच टाकायचे.

साहेब आता त्यांना बघून शेपूट हलवायचा. जिना एका दमात चढायचा. सगळं सुधारत होतं, फक्त आवाज येत नव्हता. नको असलं की तो नुसता थिजायचा, आणि त्या थिजण्याची मला धास्ती वाटायची. महिना संपत आला. रात्री बायकोशी बोलताना मी भलतेच विषय काढायचो, आणि तीही काढू द्यायची.

सव्विसाव्या दिवशी बाईंच्या सांगण्यावरून जाळीचं दार उघडलं होतं. साहेब चटईवर, त्याचा लांब पट्टा माझ्या हातात. सासरे खुर्चीत पेन्सिल घेऊन शब्दकोडं सोडवत होते. चष्म्याचं घर मांडीवरून घसरून खाली पडलं. ते वाकले, गुडघ्याने दगा दिला, आणि तोल सावरायला त्यांचा हात सरळ साहेबाच्या कमरेकडे निघाला.

साहेबाने नाकावरून जीभ फिरवली. तोंड वळवलं. डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसला. अंग थिजलं. चारही बोलणी मी ऐकली, पण पट्टा ओढला तर तो भडकेल आणि नाही ओढला तर...

आणि आवाज आला. अगदी बारीक, घशातल्या घशात. गुर्रर्र.

लगेच थांबला. साहेबाने सासऱ्यांकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. कान मागे, डोळे बारीक करून तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता, आता पेपर पडणार म्हणून. पडणार हे माहीत असून तो बोलला होता.

मी पट्टा सोडला आणि तो हात उघडून त्याच्यासमोर फरशीवर ठेवला. दुसरं काही मला सुचलं नाही.

"ऐकलं, साहेब," सासरे म्हणाले. त्यांचा हात हवेतच थांबलेला. त्यांनी तो हळूहळू मागे घेतला आणि खुर्चीचा दांडा धरून मागे टेकले. "ऐकलं. चुकलं माझं."

साहेबाने डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. मी वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी.

"तो गुरगुरला," ती म्हणाली. "बाबांवर."

तिच्या जागी कुणालाही तेच दिसलं असतं. पण सासऱ्यांनी टाक्यांच्या खुणेचा हात तिच्यापुढे धरला. "हो, गुरगुरला. म्हणाला, बाबा, तिथे दुखतं. मी म्हटलं, बरं. हात बघ. आहे ना अख्खा?"

बायकोने तो हात दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मग भिंतीला टेकून तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. "मग त्याला म्हणावं, असंच सांगत जा," ती रडता रडता म्हणाली. "रोज सांग म्हणावं."

मीही रडत होतो, त्याची लाज वाटत नाही. एवढा मार खाऊन त्या जनावराने आम्हाला आणखी एकदा सांगून पाहिलं होतं. माझ्यात ते धैर्य नाही. मी एकदा बोलणी खाल्लेल्या ऑफिसात परत तोंड उघडत नाही.

फरशीवर माझा हात तसाच उघडा होता. कोंबडीचे तुकडे सकाळीच संपले होते. साहेब उठले, कमरेला जपत दोन पावलं आले, रिकाम्या हाताचा वास घेतला आणि त्यावर हनुवटी ठेवली. शिकवल्याप्रमाणे मी तीन सेकंद मोजले आणि हात काढून घेतला. ते आणखी एक पाऊल पुढे आले आणि नाकाने माझा हात उचलून परत हनुवटीखाली घेतला. मग मी मोजणं सोडून दिलं.