अडलेला पैलवान

मी सावली गावचा मुखरू पैलवान. पंचावन साली बांबूकटाईच्या कामावर भामरागडले गेलो होतो. आमच्या उस्तादाचा एकच मंतर होता, मेला तरी पाठ टेकवायची नाई. मी तं झोपतही कुशीवरच होतो. हासाचं तं हासा.

त्या दिवशी नाला ओलांडताना डावा पाय दोन गोट्यांच्या मधात घुसला, पार पोटरीपर्यंत. जोर लावला. जेवढा जोर लावला तेवढा पाय फुगून आणखी घट्ट बसला. वर डोंगरात पाऊस पडत होता. गुडघ्याचं पाणी कमरेले आलं अन् माझी बोबडी वळली, खरं सांगतो.

तेवढ्यात काठावर लालसू दिसला, आमच्याच टोळीतला माडिया गडी. त्याची बायको मंगली सकाळपासून बाळंतपणात अडली होती. बाजूच्या गावातून बुधरी सुईणीले घेऊन तो घराकडं पळून राह्यला होता. मले पाहून बुधरी थांबली.

"चाल ना बुढी, तिकडं मंगली..." लालसू म्हणे.

"इथी एक अडला, तिथी एक अडली. हा जवळ आहे," असं म्हणून ती पाण्यात उतरली.

म्हणतात ना, अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथी अडलो मी, अन् पाय धरले बुधरीनं. गाढवही मीच.

तिनं डोळे मिटून पाण्याखाली बोटं फिरवली. "ओढू नोको. ओढून पोट्टं निघत नाई, पाय कसा निघन? आधी आत लोटाचं, मंग फिरवाचं. तू उताणा हो. लालसू डोस्कं धरते."

"उताणा? बाई, मी पैलवान आहो!"

"मंग?"

मंग काय! कुशीवर झालो, बसून पाह्यलं, बुधरीले शिव्या घातल्या. बायकांचं काम मले काय शिकवतं, म्हणालो. लालसू रडत होता, हात जोडत होता. असा पाऊण घंटा गेला. पाणी छातीले लागलं तवा कुठी मी पाठ टेकली.

बुधरीनं टाच आत लोटली, पंजा वळवला. पाय निघाला! दहा वर्षं आखाड्याची माती खाल्ली, पण अंग सैल सोडणं हाही एक डावच असते, हे मले कोण्या उस्तादानं सांगितलं नव्हतं. सांगितलं एका सुईणीनं.

बुधरीले पाठुंगळी घेऊन मी लंगडत पळालो. बुधरी झोपडीत गेली. मंगली वाचली. पोट्टं निळं निघालं. बुधरीनं त्याले चोळलं, तोंडात फुंकलं, पण ते रडलं नाई.

ती बाहेर येऊन हात धुवून राह्यली होती. मी विचारलं, "बाई, मी पहिल्याच बोलाले उताणा झालो असतो तं?"

तिनं खोटं सांगावं, एवढंच मले पाह्यजे होतं.

"वाचलं असतं," ती म्हणाली.

लालसू तिथीच उभा होता. त्यानंही ऐकलं.