गुरुवारच्या वेण्या

थेल्मा गारसाइडनं बिस्किट चहात बुडवलं आणि संवाद म्हणण्याच्या नादात ते विरघळून तळाशी गेलं.

"'आणि' नाहीये तिथं," तिची लेक रोवीना म्हणाली. संहिता तिच्या मांडीवर होती. "नुसतं 'खिडकी लाव' आहे."

"तू नर्स झालीस ते बरं झालं बाई. तुझ्यासारखी कुणी पडद्याआड संवाद सांगायला बसली असती, तर मी कधीच कापडगिरणीत कामाला गेले असते."

सोमवारी इथंच, स्कारबरोच्या किनाऱ्यावर चित्रीकरण होतं. एकच प्रसंग. शेवटच्या दुखण्यातली म्हातारी आणि तिची मुलगी. ब्याऐंशीव्या वर्षी एवढं तरी मिळालं, असं थेल्मा सगळ्यांना सांगत होती. फिरत्या नाटक कंपनीत ती मोलकरणींची कामं करायची. पुढे लंडनच्या रंगमंचावर राण्या झाली. मग टीव्हीवरच्या मालिकेत अकरा वर्षं चार मुलांची आई. अजूनही दुकानात अनोळखी बायका तिला 'आई' म्हणून मिठी मारत. त्या अकरा वर्षांत रोवीना मात्र हॅलिफॅक्सला ईडीमावशीकडे वाढली.

"पुढे," रोवीना म्हणाली.

थेल्मानं डोळे मिटले. आवाज खाली आणला.

"मी वाईट आई होते का गं?"

पानावर मुलीचं उत्तर होतं: 'नाही.' एवढंच. रोवीना त्या शब्दाकडे बघत राहिली.

"दर गुरुवारी," ती म्हणाली, "तू टीव्हीवर त्या धाकटीच्या वेण्या घालायचीस. मी मावशीच्या शेगडीपुढं बसून माझ्या घालायचे. तुझ्याबरोबर. तुझं व्हायच्या आत माझं झालं पाहिजे, असं ठरवून."

थेल्मानं डोळे उघडले.

"संहितेची नवी पानं आलीत का?"

"नाही आली."

बाहेर समुद्रपक्षी कलकलाट करत होते. रंगमंचावर शांतता लांबली की काहीतरी बोलून ती सांधायची, हे थेल्माच्या अंगात साठ वर्षं भिनलेलं. आता मात्र तिनं संहिता रोवीनाच्या मांडीवरून उचलून टेबलावर पालथी ठेवली.

"वेण्या जमायच्या?"

"उजवी जमायची. डावी सुटायची."

थेल्मानं खुर्ची पुढं ओढली आणि बोटांनी लेकीच्या डाव्या कानावरचे केस मागं सारले. केस आखूड होते, पांढरे व्हायला लागलेले. रोवीनानं मान थोडी तिच्याकडं कलती केली.