पेशी उलट्या का चालतात

शरीरात एकही पेशी विनाकारण हिंडत नाही. कातडीखालच्या पहारेकरी पेशीला जंतू सापडला की ती त्याचा तुकडा उचलते आणि लसिकाग्रंथीकडून येणाऱ्या रासायनिक संदेशाचा माग काढत, जिकडे संदेश दाट तिकडे, चालू लागते. ग्रंथीत पोचून तिथल्या लढाऊ पेशींच्या सैन्याला तो तुकडा दाखवते. कोट्यवधी वर्षांची शिस्त आहे ही.

प्रयोगशाळेतल्या पेशींना ती कोणी कळवली नव्हती.

काचेवरच्या बारीक नळीत उजव्या टोकाला संदेशाचा थेंब, मध्ये पेशी. त्यांनी उजवीकडे जायचं, बस्स. ही तर नुसती पूर्वतयारी होती. प्रयोग करणाऱ्या विद्यार्थिनीच्या पीएचडीचा खरा प्रश्न पुढेच होता. पण हे जमल्याशिवाय शेवटचं प्रकरण सुरूच होत नव्हतं, आणि शिष्यवृत्ती संपत आली होती. पडद्यावर पेशी निवांतपणे डावीकडे निघाल्या होत्या.

तिने संदेशाचं रसायन बदललं. पेशी बदलल्या. तापमान बदललं. पेशी डावीकडेच.

"पोचल्या का गं एकदाच्या?" आईने फोनवर विचारलं.

"नाही. उलट्या जातात."

"तुझ्या बाबांना जेवायला हाक मारली की ते आंघोळीला जातात. त्यावर मी प्रबंध लिहिला का?"

तिचे मार्गदर्शक सर मात्र खुलले. "अगं, हा दोष नाही, शोध आहे! संदेशापासून पळणाऱ्या पेशी! उद्याच्या चर्चासत्रात सांगून टाकतो."

"सर, एकदा तपासू या ना."

"तपासत बसलीस तर दुसरा कोणीतरी छापून मोकळा होईल."

त्यांनी भाषणाला नावही देऊन टाकलं. ती दात-ओठ खात परत सूक्ष्मदर्शकापाशी बसली. उद्या सर तोंडघशी पडले, तर शेजारी उभं राहायला तीच होती. नळीची दोन्ही टोकं दिसायला हुबेहूब सारखी. वैतागून तिने काचेवर उजव्या टोकाशी पेनाने एक ठिपका काढला.

पडद्यावर ठिपका डावीकडे उमटला.

तिने काच काढून पाहिली. ठिपका उजवीकडेच होता. मग तिने मान वर करून सूक्ष्मदर्शकावर बसवलेला कॅमेरा पाहिला.

"सर, कॅमेरा कोणी फिरवला?"

"मीच. मागच्या महिन्यात, तुझा प्रयोग सुरू व्हायच्या आधी, पाहुणे आले होते ना, फोटोत ती वायर घाण दिसत होती. अर्धा फेरा दिला, वायर मागे गेली. का गं?"

तिने ठिपक्याकडे बोट दाखवलं. सरांनी आधी काच पाहिली, नंतर पडदा. मग म्हणाले, "भाषणाचं नाव बदलावं लागेल."

तिने पहिल्या आठवड्याचं चित्रीकरण शोधून काढलं आणि उलटं फिरवून लावलं.

सगळ्या पेशी उजवीकडे गेल्या होत्या.