नजर लागलेले मशिन

धायरीत हिराच्या शेडसमोर चपलांचा ढीग पडला होता. आत तिचे नवे, कॉम्प्युटरवर चालणारे भरतकामाचे मशिन गुरुवारपासून बंद होते. पडदा काळा, सुया जागच्या जागी. कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता. बद्रीनाथ महाराज शनिवारीच आले.

त्यांनी मशिनवरून लिंबू फिरवले. "यंत्रालाही प्राण असतो, माउली. तो नजरेने ओढला गेलाय. त्रिवार बोलवावा लागेल."

बटण बंद, मंत्र, बटण चालू. पडदा काळाच. पुन्हा तसेच. तिसऱ्या खेपेला मशिनने शिट्टी दिली आणि पडदा उजळला. जमलेल्या बायकांनी मशिनला हात जोडले.

"नजर घरातलीच आहे," केशरी दुधाचा घोट घेत महाराज म्हणाले. "हातात सुई धरणाऱ्या बाईची. ती इथे आहे तोवर यंत्र टिकणार नाही."

सगळ्यांचे डोळे राधाकडे वळले. राधा हिराची धाकटी जाऊ. मशिन येण्यापूर्वी गावातल्या निम्म्या साड्यांवर तिच्या हातची वेल असे. मशिन आले आणि गिऱ्हाईक हिराकडे गेले, जाताना मात्र म्हणत राहिले, "छान आहे, पण राधाच्या हाताची सर नाही." हे हिराला सोसत नव्हते. महाराजांनी तिचे काम सोपे केले.

"ऐकलंस ना?" ती राधाला म्हणाली. "भाऊजींना म्हणावं, उद्याच दुसरीकडे खोली बघा."

एवढ्यात त्यांची नणंद उत्कर्षा आली. विश्रांतवाडीच्या एका कंपनीत ती इलेक्ट्रॉनिक बोर्डांचे प्रोग्रॅम लिहीत असे. तिने सगळे ऐकून घेतले.

"वहिनी, गुरुवारी मशिनवर काय करत होतात?"

"कंपनीने पाठवलेला नवा प्रोग्रॅम भरत होते. मराठी अक्षरांचा."

"आणि लाइट कधी गेली?"

"भरता भरताच. गुरुवारची जातेच की."

"मग आता पडद्यावर मराठी अक्षरं आहेत?"

हिराने पाहिले. "नाहीत. सगळं पहिल्यासारखंच आहे."

"म्हणजे महाराजांना जुनाच प्राण सापडला. नवा स्टॉकमध्ये नव्हता?"

"देवाची चेष्टा करू नये, ताई," महाराज म्हणाले.

"देवाची कुठे करतेय?"

उत्कर्षाने नवा प्रोग्रॅम पुन्हा भरायला लावला आणि तो अर्ध्यावर येताच मेन स्विच पाडला. परत चालू केला, तर पडदा काळा.

"अहो वन्सं, काय केलंत हे?" हिरा रडकुंडीला आली.

उत्कर्षाने राधाला मशिनसमोर खुर्चीवर बसवले. "बघ त्याच्याकडे. जेवढं जळता येईल तेवढं जळ." मग मंत्राच्या जागी ती बसचे थांबे म्हणू लागली. बटण बंद, "धायरी फाटा," बटण चालू. काही नाही. "विठ्ठलवाडी." काही नाही. हिराने राधाकडे रोखून पाहिले. "स्वारगेट." मशिनने शिट्टी दिली.

मागे कुणीतरी फिस्सकन हसले.

"बोर्डावर प्रोग्रॅमच्या दोन प्रती असतात," उत्कर्षाने सांगितले. "नवी अर्धवट राहिली की मशिन सुरूच होत नाही. पण बोर्ड हे फसलेले प्रयत्न मोजतो आणि तीन झाले की जपून ठेवलेली जुनी प्रत उचलतो. गुरुवारी लाइट परत आली तेव्हा पहिला फसला, पुढचे दोन महाराजांच्या हातून. वहिनी, त्यानंतर तुम्ही बंद-चालू करून पाहिलं होतं का?"

"भीतीने हातच लावला नाही," हिरा म्हणाली.

"महाराज, आधी कुठल्या मशिनवाल्याकडे होतात?"

"पूर्वाश्रमीचं विचारू नये," म्हणत महाराज उठले. ढिगात त्यांच्या चपला लवकर सापडेनात.

गर्दी पांगली. राधा खुर्चीवरून उठली नव्हती.

"जाऊबाई, त्यातलं एक खरं आहे. मी जळते. हे मशिन आलं त्या दिवसापासून."

हिरा तिच्याशेजारी स्टूल ओढून बसली. "मला काय कमी जळायला होतं? माझ्या दारात उभं राहून लोक तुझंच नाव घेतात." मग म्हणाली, "खोलीचं राहू दे."

मत्सर खोटा नसतो. तो घर फोडू शकतो, शेजारणीला शेजारीण परकी करू शकतो. पण तो वायरमधून वाहत नाही आणि चिपमधला प्रोग्रॅम पुसत नाही. यंत्र बंद पडले, की कुणा बाईकडे बोट दाखवण्याआधी एवढेच विचारावे: लाइट कधी गेली होती?