मंत्र्यांचं उत्तर आणि तांबडं पाणी

दहाव्या मिनिटाला परातीतलं पाणी पिवळट झालं, विसाव्या मिनिटाला चहासारखं, आणि अर्ध्या तासानं चांगलं तांबडंलाल. मंगल कार्यालयात मांडी घालून बसलेल्या पाचशे माणसांनी एका सुरात 'जय क्षारनाथ' असा गजर केला. परातीत पाय सोडून बसलेल्या धोंडुबाईंनी डोळ्याला पदर लावला. बारा वर्षं अंगात मुरलेली साखर डोळ्यांदेखत तळपायातून बाहेर पडतेय म्हटल्यावर कुणालाही भरून येईल.

"बघा, नीट बघा," क्षारनाथ महाराज माइकवर सांगत होते. "डॉक्टर काय करतोय? साखर मोजतोय. मोजून कमी होतीया व्हय? आमी मोजत न्हाय, आमी काढतोय. आता कुणी म्हणंल, साखर तर पांढरी आसती, ही तांबडी कशी? आरं बाबा, बारा वर्सं अंगात जळून करपलीया की ती. साखर करपली की तांबडी हुती का न्हाय, ते घरच्या बाईला इचारा."

बायांनी माना डोलावल्या. पाकातलं शास्त्र त्यांच्या हातचं होतं.

महाराजांच्या मागच्या भिंतीवर दाराएवढी फ्रेम टांगली होती. वर तांबड्या अक्षरांत 'मंत्री महोदयांची विधानसभेत मान्यता', त्याखाली विधानसभेच्या छापील प्रश्नोत्तरांचं एक पान मोठं करून चिकटवलेलं. पानाचा मथळा होता, 'हुपरी परिसरात मधुमेह बरा करण्याबाबत'. त्याखाली महाराजांचा फोटो. फोटोखाली 'आरोग्य मंत्री : (१) होय, हे खरे आहे.' आणि त्याच्या खालच्या सगळ्या भागावर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार.

ते उत्तर मी लिहिलेलं होतं.

मी सयाजी. राहायला कोल्हापुरात, शाहूपुरीत. गोष्ट २००३ सालची आहे. तेव्हा मी एका सरकारी आरोग्य कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो. कोणत्या, ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. लोकांना वाटतं, आमदार प्रश्न विचारतो, मंत्री उभा राहतो आणि पोटातून उत्तर देतो. तसं काही नसतं. प्रश्न मुंबईहून फॅक्सनं निघतो आणि खाली घरंगळत घरंगळत माझ्यासारख्याच्या टेबलावर येऊन थांबतो. तो बहुतेक वेळा शनिवारी संध्याकाळी पाचला येतो आणि उत्तर कालच हवं असतं. आमच्या टेबलाची एक रीत होती. विचारलंय तेवढंच सांगायचं, आणि त्यातलंही जमेल तेवढं कमी.

क्षारनाथांबद्दलच्या प्रश्नाचे तीन भाग होते. एक, महाराजांच्या पादस्नानासाठी हुपरीत हजारो मधुमेही गर्दी करत आहेत, हे खरे आहे काय? दोन, त्यांच्या सांगण्यावरून औषधं बंद केलेल्या रुग्णांना गंभीर अवस्थेत दवाखान्यात दाखल करावं लागलं, हे खरे आहे काय? तीन, असल्यास, चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना बंदी घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याखाली शासनानं काय कारवाई केली?

मी लिहिलं: (१) होय, हे खरे आहे. (२) माहिती घेण्यात येत आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

दुसऱ्या भागाची माहिती त्या वेळी माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. एका सरकारी डॉक्टरचं पत्र होतं ते. तिघांना बेशुद्ध अवस्थेत आणलं, दोघं वाचले, गारगोटीकडचा आकाराम नावाचा एक जण घरी परत गेला नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण पत्र ठरलेल्या नमुन्यात नव्हतं आणि त्यावर जावक क्रमांक नव्हता. म्हणून ती माहिती आमच्या दृष्टीनं अजून आलेलीच नव्हती. चहा पिऊन मी घरी गेलो आणि छान झोपलो.

महिन्याभरानं एका शुक्रवारी रुद्राणी माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. हुपरीची. नवरा ईरप्पा घरीच चांदीचे पैंजण घडवतो. तिच्या हातात महाराजांचं हँडबिल होतं, त्यावर त्याच फ्रेमचा छोटा फोटो.

"सायेब, ह्ये सरकारनं लिवलंय न्हवं?"

"होय, पण..."

"मग खरं हाय?"

"बाई, गर्दी होते, हे खरं आहे. तेवढंच म्हटलंय."

"हितं गर्दी कुठं लिवलीया?" तिनं कागद माझ्या नाकासमोर धरला. नव्हती लिहिलेली. प्रश्नावर महाराजांचा फोटो बसला होता.

मग तिनं सगळं सांगितलं. तिची शांभवी अकरा वर्षांची. सातव्या वर्षापासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. "म्हाराज म्हणत्यात, ऐतवारी सकाळची सुई न देता पोरीला घिऊन या. पाय बुडवायचं आन् सुई कायमची बंद. डॉक्टर म्हणतोय, सुई बंद केली तर चार दिसांत पोरगी जाईल. म्हाराज म्हणत्यात, सुईनंच जाईल. मी कुणाचं आयकू? म्हटलं, सरकारचं आयकावं. म्हणून आलो."

मी म्हटलं, "बाई, सुई बंद करू नका. हात जोडतो."

"तुमचं आयकू का मंत्र्याचं?"

"अहो, मंत्र्यांचं उत्तर मीच लिहिलंय."

तिनं माझ्याकडं डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं. कोपरावर ठिगळ लावलेला माझा स्वेटर पाहिला, डिंकाचा उघडा डबा पाहिला, आणि निघून गेली.

म्हणून त्या रविवारी मी फाइलची प्रत पिशवीत घालून एसटीनं हुपरीला गेलो.

धोंडुबाई परातीतून उठल्या आणि शांभवीचं नाव पुकारलं गेलं. दोन वेण्या घातलेली किडकिडीत पोर, मागं आई, तिच्या मागं हात जोडलेला ईरप्पा. मी पुढं घुसलो आणि सूत्रसंचालकाच्या हातातला माइक घेतला. "मंडळी, हे उत्तर अर्धंच आहे. हाराखाली काय लिहिलंय ते बघा," असं म्हणून फ्रेमवरचा हार मी स्वतः उचलला.

महाराज वळले, त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "दोन. माहिती घेण्यात येत आहे. तीन. प्रश्न उद्भवत नाही." मग चष्मा काढून हसत म्हणाले, "आयकलं का? शासन म्हणतंय, प्रश्नच उद्भवत न्हाय. बसा पावणं."

टाळ्या वाजल्या. पिशवीतली प्रत काढून मी प्रश्न वाचायला लागलो, तर कुणीतरी माइकच बंद केला. माझ्याच लेखणीनं मला खाली बसवलं होतं.

शांभवीचे पाय परातीत सोडले गेले. नवं पाणी, मूठभर 'हिमालयातला क्षार', आणि लाल फडक्यात गुंडाळलेले दोन 'नागदंड'. महाराजांनी डोळे मिटले, मंत्र म्हणत आसनाखाली हात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. माणसं महाराजांच्या तोंडाकडं बघत होती. पाणी पिवळं पडायला लागलं, आणि पोरगी खाली वाकून त्यात बघत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "पाण्यात लोखंड हाय. तारबी हाय बघा. आपल्या टपात मी आकडा पाडलता, तवा आसंच झालतं."

ईरप्पाचे जोडलेले हात सुटले. पैंजण तयार झाले की त्यांना मुलामा द्यायला हुपरीत घरोघरी टपात रसायन घालतात आणि बॅटरीची तार सोडतात. गेल्या दिवाळीत पोरीच्या हातून टपात लोखंडी आकडा पडला होता आणि सगळं पाणी गंजानं नासलं होतं. तिनं त्यापायी मारही खाल्ला होता. त्या सभागृहात हेच काम रोज करणारे निदान शंभर कारागीर बसले होते. एकालाही ओळखू आलं नाही, कारण घरी टप असतो आणि इथं चकचकीत पितळी परात होती.

ईरप्पा पुढं आला. "म्हाराज, पोरीचं पाय काढतो. नुसतं पाणी ऱ्हाऊ द्या."

"पायाबिगर साखर कुठनं येणार?"

"न्हाय येणार. तेच बघू की."

"देवाची परीक्षा बघतोस?"

"देवाची न्हाय, पाण्याची."

त्यानं पोरीला उचलून बाजूला ठेवलं, परात धुऊन घेतली, ताजं पाणी आणि क्षार घातला. दंड पुन्हा सोडले. भक्तांनी आणलेल्या ढिगातले दोन नारळ उचलले आणि पायांच्या जागी ठेवले. "ह्यास्नी मधुमेह न्हाय," तो म्हणाला.

महाराज आसनाकडं सरकायला लागले, तर हुपरीचे चार कारागीर आधीच तिथं येऊन उभे होते. मी घड्याळ लावलं. दहाव्या मिनिटाला पाणी पिवळं, विसाव्या मिनिटाला चहा. नारळांचं तोंड तांबडं झालं.

शेवटी धोंडुबाई म्हणाल्या, "नारळाच्या पोटात गोड पाणी आसतंय. त्याची साखर निघाली आसंल."

अर्ध्या सभागृहानं मान हलवली. मला डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं. पण शांभवीला तसलं काही वाटलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "मग नारळबी काढा."

नारळ काढले. पुन्हा नवं पाणी, पुन्हा क्षार, आणि आत कुणीही नाही. तरी पाणी तांबडं झालं. मग ईरप्पानं सतरंजी उचलली. परातीतून निघालेली तार सतरंजीखालून आसनापर्यंत गेली होती आणि आसनाखाली ट्रॅक्टरची बॅटरी मांडी घालून बसली होती. त्यानं तार उपटली, दंड तसेच ठेवले आणि पुन्हा नवं पाणी आणि क्षार घातला. या वेळी अर्धा तास झाला तरी पाणी जसंच्या तसं राहिलं. तळाचा ठसा वाचता यावा इतकं स्वच्छ.

त्यानं नागदंडांवरचं फडकं सोडलं. आत बांधकामाच्या सळीचे दोन तुकडे होते, गंजानं खाल्लेले. मिठाच्या पाण्यात लोखंड ठेवून वीज सोडली की ते भराभर गंजतं आणि गंज पाण्यात उतरतो. अंगणात पडलेल्या सळीला जे व्हायला पावसाळा लागतो, ते इथं अर्ध्या तासात होत होतं. करपलेली साखर ती हीच. हिमालयातला क्षार चाखून बघितला, तर आपलं भाजीतलं मीठ.

"बॅटरी आरतीच्या दिव्याची हाय," महाराज म्हणाले. पण तोवर बाया उठून परातीभोवती गोळा झाल्या होत्या, आणि आरतीचा दिवा तेलाचा होता. त्या गडबडीत महाराज स्वयंपाकघराच्या दारानं जीपपर्यंत पोचले. फ्रेम तेवढी मागं राहिली.

कुणीतरी माइक चालू करून माझ्या हातात दिला. खरं तर मला पळून जावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "भिंतीवरचं उत्तर मी लिहिलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. तीन माणसं सुई-गोळ्या बंद करून बेशुद्ध पडली. त्यातला एक आकाराम. तो मेला. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता आणि मी लिहिलं, माहिती घेण्यात येत आहे."

टाळ्या वाजल्या नाहीत. रुद्राणी पुढं बसली होती. तिनं विचारलं, "तवाच लिवलं आसतं तर मी हितं आलो आसतो व्हय?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. सकाळची सुई चुकली होती, ऊन माथ्यावर आलं होतं आणि पोरगी सारखं पाणी मागत होती. इन्सुलिनची बाटली घरी ओल्या मडक्यात ठेवलेली. तिनं शांभवीचा हात धरला आणि चालायला लागली, ईरप्पा मागोमाग. मी पार त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. रुद्राणीनं सुई भरली. शांभवीनं ती आईच्या हातून घेतली आणि दंडात स्वतःच टोचून घेतली.

मी तक्रार नोंदवली, त्याच १९५४ च्या कायद्याखाली. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी मी पूर्ण पानभर लिहिलं. किती माणसं अत्यवस्थ झाली, कोण गेलं, पाणी कशानं तांबडं होतं, आणि इन्सुलिन बंद केलं की काय होतं. साहेबांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"सयाजी, एवढं कुणी विचारलंय?"

"रुद्राणीबाईंनी," मी म्हटलं.

साहेबांनी पान पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली. मंत्र्यांनी विधानसभेत ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

शांभवीची सुई आजही चालू आहे, आणि शांभवीही. पण क्षारनाथ गेला म्हणून दुकान बंद झालं असं समजू नका. परात बदलते, मंत्र बदलतो, भिंतीवर दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या माणसाचा कागद येतो. छापलेलं आहे, सही आहे, शिक्का आहे, एवढ्यानं कागद खरा ठरत नाही. हे मी सांगतो, ज्यानं जन्मभर तसलेच कागद लिहिले. मंत्र्याला प्रश्न विचारायचा तर आमदार व्हावं लागतं. महाराजाला विचारायला काहीही व्हावं लागत नाही. पाणी तांबडं झालं की हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा, आता पाय काढून दाखवा.