पपईचा चीक

ईश्वरअप्पांच्या पायाचं फडकं सोडायचं म्हटलं की महेश्वरी आधी श्वास रोखायची. शुगरच्या माणसाचा पाय तो. तळव्याला काटा लागल्याचं निमित्त झालं आणि सगळी टाच नासली. जखमेत पिवळट, करडं, लिबलिबीत मेलेलं मांस, आणि वास असा की आतडी तोंडात यावीत. सासू शिवम्मा तर उंबऱ्यातूनच पदर नाकाला लावून मागं फिरायची. राहिली सून.

पूर्ण्याच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. हे मेलेलं मांस निघालं तर पाय राहील, नाहीतर घोट्यापासून कापावा लागेल. गोळ्यांच्या जोडीला त्यांनी कच्च्या पपईचा कीस जखमेत भरायला सांगितला.

अप्पा उसळले. "खानावळीत मटण मऊ कराया लावत्यात ते माझ्या पायाला? आमी शाकाहारी लिंगायत माणसं!"

डॉक्टर हसले. "अप्पा, मांस काय आणि तुमची तूरडाळ काय, त्यातली प्रथिनं म्हणजे मण्यांच्या लांब माळा. पपईच्या चिकात त्या तोडणारी कातर असते. तसल्याच कातरी तुमच्या पोटातही आहेत, म्हणून तर डाळ पचते. जिवंत मांस त्या कातरीला अडवतं, मेलेल्याला ते जमत नाही." मग महेश्वरीकडे वळून म्हणाले, "हातमोजे घाला बरं का. आपल्या कातडीचा वरचा थर मेलेलाच असतो. चीक तोही खातो."

ताडकळसला घरी आल्यावर तिनं मोजे चढवले, तर अप्पांचा चेहरा उतरला. "माझी किळस यायली का गं तुला?"

"न्हाई हो अप्पा," ती म्हणाली आणि मोजे काढून ठेवले ते कायमचेच. धडधडीत खोटं होतं, पण त्या म्हाताऱ्या तोंडाकडं बघून खरं बोलवेना.

मग रोज तेच. परसातली पपई किसायची, कीस जखमेत दाबून फडकं बांधायचं. दुसऱ्या दिवशी ते सोडलं की विरघळलेल्या मांसाचा रबरबाट बोटांवर ओघळायचा. कापसानं तो निपटून काढताना ती ओकारी गिळायची. अप्पा डोळे मिटून जप करत पडलेले. दुखलं की मात्र तिच्यावर खेकसायचे. हात साबणानं किती घासले तरी घास तोंडाशी नेला की तोच घाणेरडा वास. ती अर्धपोटीच उठायची. बोटं आधी चुरचुरली, मग टोकांची सालं निघाली आणि खालची कातडी लालभडक, ओलसर दिसायला लागली.

महिना होत आला तेव्हा डॉक्टरांनी टाच पाहिली. मेलेलं सगळं गेलं होतं, खाली स्वच्छ, लाल मांस भरत होतं. पाय वाचला! शिवम्मानं गल्लीभर पेढे वाटले.

त्या दुपारी अप्पा खाटेवर जेवायला बसले. महेश्वरीनं गरम भाकरी ताटात ठेवली. त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली आणि त्यांनी ताट लांब सारलं.

"शिवम्मा, आजपासून भाकरी तू थापत जा. हिचे हात बघ कसे झालेत. किळस यायली मला."

महेश्वरी सासऱ्यासमोर कधी बसली नव्हती. आज खाटेपाशी फतकल मारून बसली.

"मला बी येती, अप्पा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येती."

आणि त्यांच्या ताटातली भाकरी त्याच बोटांनी मोडून ती खायला लागली.