तिसरा एक्स-रे

कारखान्यात मला सगळे 'कात्री' म्हणतात, तेही तोंडावर. पाणबुडीचा खर्च हाताबाहेर जायला लागला की मला बोलावणं येतं. या वेळी पुढच्या चार पाणबुड्यांच्या खर्चातून मी एक बाब छाटली होती: पोलादी कवचाच्या प्रत्येक सांध्याचा तिसरा एक्स-रे. पहिले दोन स्वच्छ आले की तिसरा हवाच कशाला? सहीचा कागद उद्या साहेबांच्या टेबलावर हवा होता, नाही तर माझी खुर्ची जाणार होती.

पण आमच्याकडे एक रीत आहे. कवचाच्या खर्चाला हात लावायचा, तर सहीआधी नव्या पाणबुडीच्या खोल बुडीला जायचं.

"कागदावर बुडवतोस ते पुरे नाही का?" बायको म्हणाली.

वेल्डिंगच्या मुख्य बाईंना सगळे अक्का म्हणतात. पाणबुडीत शिरताच त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली, अगदी ताठ. आम्ही खाली निघालो. थोड्या वेळाने पाहतो तर सुतळी मध्येच लोंबायला लागलेली.

"गाठ सुटली वाटतं," मी म्हणालो.

"गाठ जागेवर आहे. भिंती जवळ आल्यात."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मी थक्क झालो. एवढ्या जाड पोलादाला समुद्र चहूकडून आवळत होता आणि ते अंग चोरून सोसत होतं. आत एक थेंब नाही. पलीकडे कुणीतरी निवांत चहा ओतत होतं. आयुष्यभर मी या कवचाचे आकडे पाहिले, कवच आज पाहिलं.

"इथल्या सांध्यांचे एक्स-रे कसे आले होते?"

"एकाचे पहिले दोन स्वच्छ. तिसरा वेगळ्या कोनातून काढला, तेव्हा केसाएवढी भेग दिसली. कापून पुन्हा जोडला."

"कुठला सांधा?"

"तुम्ही टेकून बसलाय तो."

मी पाठ हलवली नाही. हात मागे नेऊन गार सांध्यावर तळवा फिरवला. हाताला काहीच कळलं नाही.

वर येता येता सुतळी पुन्हा ताठ झाली. मी खिशातला कागद काढला, गुडघ्यावर पसरला आणि तिसरा एक्स-रे पुन्हा लिहून टाकला.

"आणि साहेब?" अक्कांनी विचारलं.

"सुतळी जपून ठेवा," मी म्हणालो. "पुढच्या बुडीला त्यांना घेऊन येतो."